सवय झाली ना, बाप्पा!

इतवारीत जन्मलेला माणूस ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तो बोलत नाही, तो हाक मारतो. हातभर अंतरावर बसलेल्या माणसालाही तो पलीकडच्या गल्लीत उभा असल्यासारखा विचारतो, "काय म्हणता?" मी मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हा माझ्या भावी सासऱ्यांनी माझ्याविषयी पहिलं मत दिलं ते असं : "मुलगा चांगला आहे, पण चिडला कशावर?" मी चिडलो नव्हतो. मी पोह्यांची तारीफ करत होतो.

यात माझा दोष नाही. आमचं घर लोहाओळीच्या मागे. लोहाओळीत पहाटे ट्रक रिकामे होतात. लोखंडाच्या सळया खाली ठेवायच्या नसतात, टाकायच्या असतात, असा तिथला शिरस्ता आहे. मग पत्रा कापणारे येतात. मग हातठेलेवाले, त्यांच्या मागे ऑटोवाले, ऑटोच्या मागे स्कूटरवाले. हे सगळे जण पुढचा माणूस मुद्दामच उभा आहे अशा समजुतीने हॉर्न वाजवतात. 2019 सालापर्यंत इतवारी स्टेशनातून नागभीडला छोटी गाडी जायची. तिची शिट्टी ऐकून आम्ही म्हणायचो, "चला, जरा बरं वाटलं!" बाकीच्या आवाजांपुढे ती शिट्टी म्हणजे बासरीच होती.

एकदा आमच्याकडे पुण्याचे पाहुणे आले. सकाळी डोळे तांबारलेले, हातात चहाची बशी. त्यांनी वडिलांना विचारलं, "तुम्ही इथे झोपता तरी कसे?" वडिलांनी पेपरातून डोकं वर न काढता उत्तर दिलं, "सवय झाली ना, बाप्पा!"

हे वाक्य मी गेली साठ वर्षं ऐकत आलो. अभिमानाने म्हणतही आलो. उन्हाळ्यातल्या पंचेचाळीस डिग्रीबद्दल आम्ही नागपूरकर ज्या ऐटीत बोलतो, त्याच ऐटीत. आज मला या वाक्यावर फिर्याद करायची आहे. माझ्या मते या वाक्याने जितकी माणसं बहिरी केली, तितकी कुठल्याही भोंग्याने केली नसतील.

सुरुवात झाली वांग्यांपासून. भाजीवालीला विचारलं, "वांगी कशी दिली?" ती म्हणाली, "आठ." मी खूश होऊन दहाची नोट दिली आणि दोन रुपयांसाठी हात पुढे केला. तिने नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "काकाजींच्या लहानपणचा भाव मांगून राह्यले." ती 'साठ' म्हणाली होती.

त्यानंतर आठ दिवसांनी घरात रामायण झालं. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "सून आली का हो?" मी म्हटलं, "आलं ना! गच्चीवर भरपूर आहे. पापड टाकून दे." सून बेंगळुरूहून रात्रभर प्रवास करून, बॅग घेऊन माझ्या मागेच उभी होती. ती समंजस आहे म्हणून हसली. बायको समंजस आहे, पण हसली नाही. तिने मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंना मी आधीच सांगून टाकलं, "मला ऐकू व्यवस्थित येतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." त्या म्हणाल्या, "इथे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो." मग त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बटण हातात धरून बसलो. बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, मशीन बिघडलं. मशीन उत्तम होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी एक आलेख दाखवला. रेघ बऱ्यापैकी सरळ जात होती आणि चार हजार हर्ट्‌झपाशी एकदम खड्ड्यात पडत होती. मग पुढे थोडी वर येत होती. मी म्हटलं, "वय झालं आता." त्या म्हणाल्या, "वयाची रेघ उतरते ती उतरतच जाते. मधेच खड्डा पडून पुन्हा वर येणारी रेघ ही आवाजाची सही असते. कामाला कुठे होता?"

मी चौतीस वर्षं एका लोखंडाच्या दुकानात हिशेब लिहिले. बाहेर सळया पडायच्या, आत मी जमा-नावे करायचो. तसं सांगितलं. वर म्हटलं, "पण मला त्या आवाजाचा कधी त्रास झाला नाही हो. सवय झाली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "सवय तुमच्या मनाला झाली. कानाला सवय होत नसते. त्रास कमी वाटायला लागला, कारण ऐकू कमी यायला लागलं."

मग त्यांनी मला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी एक वळकटी असते. तिच्यात पंधराएक हजार पेशी असतात आणि त्यांच्या डोक्यावर केसांचे बारीक तुरे असतात. आवाज आला की तुरे हलतात आणि मेंदूला खबर जाते. मोठा आवाज आला की ते वादळातल्या ज्वारीसारखे आडवे होतात. वरातीतून घरी आल्यावर कान सुन्न होतात, आत शिट्टी वाजत राहते, ती याचमुळे. रात्रभर शांतता मिळाली की बरेचसे तुरे उठून उभे राहतात. सकाळी आपण म्हणतो, काही झालं नाही. पण दररोज आडवी होणारी ज्वारी एक दिवस उठत नाही. माणसाच्या कानातली ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानातली उगवते. म्हणजे सावजीच्या रश्श्यात आपण जिचे तुकडे शोधतो, ती कोंबडी या बाबतीत आपल्या पुष्कळ पुढे आहे.

आधी जातात त्या बहुधा वरच्या पट्टीच्या पेशी. 'स', 'श', 'फ', 'ख' ही मंडळी त्याच पट्टीत राहतात. 'साठ'मधला 'स' गेला की 'आठ' उरतो. 'सून'मधला गेला की 'ऊन' उरतं. मी चुकीचं ऐकत नव्हतो. जेवढं पोचत होतं तेवढं अगदी बरोबर ऐकत होतो.

हिशेबनीस असल्यामुळे डेसिबलचं गणित मला लगेच कळलं. ते चक्रवाढ व्याजासारखं आहे. 85 डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसाला जास्तीत जास्त आठ तास राहावं, अशी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि मुदत निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. पंच्याऐंशी आणि शंभर यांत फरक दिसतो पंधराचा, पण मुदत आठ तासांवरून पाव तासावर येते. इतवारीतल्या कुठल्याही जुन्या सावकाराने या गणिताला मनापासून नमस्कार केला असता.

त्या दिवशी घरी येताना मला माझ्या मामाची आठवण झाली.

मामा यंत्रमागावर होता. एका छपराखाली ओळीने माग, धोटा इकडून तिकडे आपटतोय, खिडक्या बंद, कारण वाऱ्याने धागा तुटतो. अशा शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास सहज जातो. म्हणजे मामाचा दिवसाचा कोटा पहिला चहा येण्याआधीच संपत असे. त्यापुढे तो रोज नऊ-दहा तास काम करी. असं तीस वर्षं.

लहानपणी आम्हांला मामा जादूगार वाटायचा. रस्त्याच्या पलीकडे दोन माणसं काय बोलतात, ते तो इकडून सांगायचा. पुढे कळलं की तो ओठ वाचत असे. शेडमध्ये सगळेच ओठांनी बोलत. तिकडे लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकाही असंच बोलत आणि त्या बोलण्याला त्यांनी नावही ठेवलं होतं, 'मी-मॉ'. आमच्या मामाच्या विद्येला नाव नव्हतं. फक्त मिशीवाल्या माणसावर त्याचा विश्वास नसे. आम्ही हसायचो. त्याच्या मागे उभं राहून नावं ठेवायचो आणि त्याला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा हसायचो. आंधळ्याला आपण हात धरून रस्ता ओलांडून देतो. बहिरा दिसला की मात्र आपल्याला नाटकातला दुसरा अंक आठवतो.

पुढे मामाने लग्नकार्याला येणं सोडलं. आम्ही ठरवून टाकलं, मामा माणूसघाणा झाला. चार माणसं एकदम बोलत असताना आपण कोणाच्या ओठांकडे पाहायचं, हा प्रश्न त्याला पडत असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हांला तर ऐकू येत होतं ना!

या दुखण्याचा शोध काही काल लागलेला नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं की, व्हेनिसचे तांबट दिवसभर ठोकून ठोकून बहिरे होतात. ग्लासगोच्या थॉमस बार यांनी 1886 साली बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तर एकाचाही कान धड निघाला नाही. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्यात, ज्या रोगांची वर्दी सरकारला द्यावीच लागे, त्यांच्या यादीत आवाजाने येणारा बहिरेपणा घातला गेला. आता कायद्याचं नाव बदललं आहे, पण यादीत तो रोग आहेच. अडचण एवढीच होती की विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच तो कायदा आपोआप लागू व्हायचा. मामाच्या मालकाचे कामगार बारा होते. म्हणून त्याने एकाच छपराखाली सहा-सहांच्या दोन शेड केल्या, दोन पाट्या लावल्या. मध्ये भिंत नव्हती. आवाज दोन्हीकडे सारखाच जात होता, कायदा मात्र कोणत्याच दाराने आत आला नाही.

मी मामाला विचारलं होतं, "कानात काही घालायला देत नव्हते का?" तो म्हणाला, "कायले? चार महिन्यांत सवय होऊन जाते." पुन्हा तेच.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली गरिबाच्या पोटाची गोष्ट. आम्ही तर पंख्याखाली बसून काम करतो. बरोबर आहे. म्हणून तर आपण लग्नं करतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीचं लग्न झालं. इतवारीत वरात म्हणजे पूर्वी बँड, नंतर संदल, मग धुमाल, आणि आता ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर. डीजेचे पैसे ठरवायला मीच गेलो होतो. 'आवाज कमी पडला नाही पाहिजे', हे वाक्यही माझंच. लिहून ठेवावं म्हणून सांगतो. या खटल्यात पहिला आरोपी मी आहे.

त्या लग्नाला मी मामाला हट्टाने आणलं. वय चौऱ्याऐंशी. वरात निघाली. बायकांनी पदर कानाला लावले, लहान पोरं रडायला लागली, वरच्या माडीवरची काचेची तावदानं थरथरली. सगळ्या वरातीत एकच माणूस प्रसन्न होता, तो म्हणजे मामा. त्याने ट्रकच्या फळीवर तळहात ठेवला होता आणि त्याचा चेहरा फुलला होता. मला जवळ ओढून म्हणाला, "आज ऐकू येऊन राह्यलं मले!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. तो हाताने ऐकत होता.

ट्रकवर एक पोरगा बसला होता. एकोणीस-वीस वर्षांचा, स्पीकरला पाठ लावून. गाणं बदलताना मिनिटभर शांतता झाली, तेवढ्यात मी त्याला विचारलं, "काय रे, रात्री कानात शिट्टी वाजते का?"

"वाजते ना, काकाजी. सकाळपर्यंत."

"मग?"

"मग काय! सवय झाली."

चौऱ्याऐंशीचा मामा खाली, एकोणीसचा पोरगा वर, आणि दोघांच्या तोंडी एकच वाक्य. आपण ज्याला करमणूक म्हणतो, ती कोणाची तरी नोकरी असते. आपण त्या आवाजात अर्धा तास नाचतो. तो लग्नसराईत रोज सहा तास बसतो. मामाच्या मालकाला मी आयुष्यभर नावं ठेवली, आणि त्या रात्री त्या पोराचा मालक मीच होतो. पाकीट माझ्या खिशात होतं.

यावर लोकांची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं उत्तर, "एकच दिवस तर असतो!" माझं हिशेबाचं डोकं विचारतं, कोणाचा एक दिवस? आपल्या लग्नाचा एक, शेजाऱ्याच्या लग्नाचा एक, गणपती, देवी, जयंत्या, उरूस, मिरवणुका, निवडणुका, क्रिकेटची मॅच. सगळ्या धर्मांनी आणि सगळ्या पक्षांनी आपापला एकेक दिवस घेतला, की इतवारीकराच्या वाट्याला येतात ते कान, आणि तेही उधारीवर.

दुसरं उत्तर, "यासाठी कायदा पाहिजे." कायदा आहे हो! 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. दिवसा निवासी भागात 55 डेसिबल, व्यापारी भागात 65. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद, फक्त वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य सरकार तो बारापर्यंत चालू देऊ शकतं. आमच्या घरी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. म्हणजे आवाजाने जिना चढताना दहा डेसिबल खालच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवावेत, अशी योजना दिसते. मुंबईचे डॉ. यशवंत ओक 1985 सालापासून या प्रश्नावर उच्च न्यायालयात भांडले. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितलं की, नको असलेला आवाज कोणाच्या कानावर लादण्याचा हक्क कोणालाही नाही. शिवाय पर्यावरणाचा अभ्यास करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था आमच्याच नागपुरात आहे. म्हणजे मोजणारे आहेत, निकाल देणारे आहेत. नाही तो तक्रार करणारा. कारण तक्रार करायला जावं, तर वरातीत आपलाच साडू नाचत असतो.

तिसरं उत्तर, "आवाजाशिवाय मजा नाही." मला मजा मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य असावी, कारण तिने 2022 साली गाण्या-बजावण्याच्या जागांसाठी जी मर्यादा सांगितली, ती पंधरा मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबल आहे. शंभर म्हणजे काही अंगाई नव्हे. त्याबरोबर कानात घालायची बुचं आणि टेकायला एक शांत कोपरा ठेवा, एवढंच ती म्हणते. यात कोणाचा देव, कोणाचा नेता किंवा कोणाचा जावई रुसण्यासारखं काय आहे?

माझी मागणी साधी आहे. पैसे देणाऱ्याने आवाज ठरवावा. लोखंडाच्या, माग चालवण्याच्या, पत्रा कापण्याच्या जागी मालकाने बुचं द्यावीत आणि वर्षातून एकदा कान तपासून घ्यावेत. दहा माणसं असोत की दोन, कान प्रत्येकाला दोनच असतात. आणि ज्याच्या घरचं कार्य असेल त्याने सुपारी देतानाच सांगावं, की आवाज इतका, दहाला बंद, आणि ट्रकवरच्या पोराच्या कानात बुचं दिसली तरच पाकीट.

धाकट्या पुतणीचं लग्न दिवाळीनंतर आहे. मी त्याच डीजेवाल्याकडे जाऊन या अटी सांगितल्या. तो म्हणाला, "काकाजी, तुमची तब्येत ठीक आहे ना?" मग मी फोमची बुचं आणून त्या पोराला दिली. चोळून बारीक करायची, कानात घालायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. नीट बसली तर वीसेक डेसिबल सहज अडवतात. साधा कापूस घातला तर मनाचं समाधान होतं, कानाचं होत नाही. पोराने घालून पाहिली आणि घाबरून म्हणाला, "अबे, कसं शांत शांत वाटून राह्यलं!" मी म्हटलं, "होईल सवय."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते. लोक आपापलं दुखणं तिच्या हवाली करतात. रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. सोबत त्या वर्षीच्या कारभाऱ्यांची टर उडवणारे बडगे असतात. यंदा आमच्या गल्लीतल्या पोरांना मी सुचवलं, आवाजाचा बडग्या काढा. मोठा भोंगा करा, त्याला दोन कान खाताना दाखवा. पोरांना कल्पना फार आवडली. त्यांनी लगेच वर्गणीची यादी केली. बांबू इतके, कागद इतका, रंग इतका. यादीतला शेवटचा आणि सगळ्यांत मोठा आकडा डीजेचा होता.

मी त्या ओळीवर काट मारली आणि उरलेल्या रकमेची वर्गणी दिली. पोरं कुरकुरली. एक जण म्हणाला, "काकाजी, डीजेशिवाय बडग्या? लोकांना सवय नाही."

मला हे वाक्य पहिल्या खेपेलाच स्वच्छ ऐकू आलं.